तालुक्यापुरती डिस्क

नांदगाव खंडेश्वरात संगणक रुसला की गिऱ्हाईक दुकानदाराला दुखणं सांगत नाही, थेट औषधच सांगतं: ‘‘भाऊ, विंडोज मारून द्या जी.’’ मशीन धुळीने गुदमरलेलं असो, रॅम सैल झालेली असो, की पोराने भलतीच फाइल उघडलेली असो, औषध एकच. दुकानदारही फार वाद घालत नाही. पूर्वी ड्रॉवरमधून मार्करने ‘एक्सपी फायनल न्यू’ असं लिहिलेली सीडी निघायची, आता पेनड्राइव्ह निघतो, आणि तासाभरात मशीन कोरं होऊन घरी जातं. त्या सीडीत नेमकं काय होतं, ती कोणी बनवली, तिच्यात काय घातलं आणि काय उपटून टाकलं, हे गिऱ्हाईक विचारत नव्हतं आणि दुकानदाराला ठाऊक नव्हतं. अमरावतीहून कोणी आणली, त्याने नागपुरातून आणली. त्याच्या मागचा पत्ता कोणाकडेच नाही.

ही पुस्तिका तशी डिस्क स्वतः बनवण्याविषयी आहे. मूळ कंपनीची (विंडोजची) किंवा मूळ प्रकल्पाची (लिनक्सची) डिस्क घ्यायची, ती उघडायची, आपल्या भागाला लागेल ते आत घालायचं, न लागणारं काढायचं, इन्स्टॉल होताना विचारले जाणारे प्रश्न आधीच सोडवून ठेवायचे, आणि पुन्हा बूट होईल अशी बांधायची. कृती म्हणून हे काम वाटतं तितकं अवघड नाही. संध्याकाळी दुकान बंद करून बसलं तर जमण्यासारखं आहे. अवघड आहे ते ठरवणं. रेडमंडला बसलेल्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरला किंवा डेबियन लिनक्सच्या जर्मनीतल्या स्वयंसेवकाला मंगरूळ चव्हाळ्याच्या सेवा केंद्रात कोणता प्रिंटर आहे, तिथे नेट किती येतं आणि टेबलाशी बसणाऱ्याचा हात कोणत्या कीबोर्डवर बसलेला आहे, हे कळायचं कसं? त्याची डिस्क साऱ्या जगासाठी असते. तालुक्याला जी लागते ती तालुक्यातल्याच माणसाला बनवावी लागेल. या पुस्तिकेचा लेखक तसा माणूस आहे, म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो.

प्रिंटरचंच घ्या. आपल्याकडच्या कचेऱ्यांत एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे दोन प्रिंटर हमखास दिसतात. दोन्ही दणकट, दोन्ही वर्षानुवर्षं चालणारे, आणि दोन्हींचा लिनक्सशी छत्तीसचा आकडा. १०२० च्या पोटात त्याचं फर्मवेअर कायमचं राहत नाही. प्रिंटर चालू केला की दर वेळी ते संगणकाने त्यात नव्याने भरावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे काम मुकाट्याने करून टाकतो, त्यामुळे वापरणाऱ्याला कधी कळतही नाही. लिनक्समध्ये त्यासाठी एचपीचं वेगळं प्लगइन लागतं. ते खुल्या परवान्याचं नसल्यामुळे मूळ डिस्कवर नसतं, नेटवरून उतरवावं लागतं. म्हणजे व्हायचं असं, की डिस्क टाकली, मशीन सुसाट सुरू झालं, प्रिंटर जोडला, हिरवा दिवा लागला, आणि कागद काही बाहेर येईना. गिऱ्हाईक म्हणणार, ‘‘हे आपल्या कामाचं नाही ना भाऊ, जुनंच टाकून द्या.’’ एका प्रिंटरपायी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदनाम. लेखकाने या एका भानगडीवर चांगली चार पानं खर्ची घातली आहेत. ती घाईत वाचू नयेत. दुकानाच्या स्वतःच्या वापराच्या डिस्कमध्ये ते प्लगइन आधीच ठेवून देता येतं. डिस्क लोकांना वाटायची असेल तर मात्र आधी परवाना वाचावा लागतो. हा फरक त्याने पहिल्याच प्रकरणात सांगितला, हे बरं केलं.

वेळेचा हिशेबही इथला वेगळा आहे. सोयाबीन-तुरीचा पेरा उरकला की पीकविम्याचे अर्ज सुरू होतात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्रांपुढे रांग लागते. त्या रांगेत मशीन बसलं तर ते दिवसभर दुकानात ठेवून चालत नाही. आधी विंडोज, मग ड्रायव्हर, मग अपडेट, मग बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर, मग ब्राउझर, मग मराठी, असं एकामागून एक करत बसलं तर सूर्य मावळतो. हे सगळं ज्याच्या डिस्कमध्ये आधीच बसवलेलं आहे, तो चहा येईस्तोवर मशीन परत देतो. (आधार जोडलेली बरीचशी यंत्रं विंडोजवरच चालतात. तेव्हा सेवा केंद्राचं मशीन विंडोजवर राहणार हे मान्य करून पुढे जावं. लेखकाने ते केलं आहे. लिनक्सच्या प्रेमात पडलेल्या पुष्कळांना ते जमत नाही.)

आपल्याकडे ही विद्या कुठून आली, याचा थोडा मागोवा घेणं गैर होणार नाही. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा सहाशे-साडेसहाशे एमबीची सीडी उतरवून घेणं हे स्वप्नातलं काम होतं. ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, आणि कित्येक भारतीयांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते त्या सीडीवर. या खटाटोपामागे अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा, लहानाचे मोठे झाले बेळगावात, पुढे कर्मभूमी बंगळूर. २०१३ मध्ये कर्करोगाने गेले. मासिकाने नुसती परदेशी सीडी छापून वाटली नाही. पुढे रेड हॅटवर आणि नंतर फेडोरावर बेतून त्याने स्वतःची लिनक्स बांधली: इथल्या कार्यालयांना आणि विद्यार्थ्यांना काय लागेल त्याचा विचार करून पॅकेजं निवडली. या पुस्तिकेत जे करायला शिकवलं आहे, ते तेव्हा एका मासिकाने देशभराच्या वाचकांसाठी केलं होतं.

विंडोजच्या बाजूला ही विद्या गरजेपोटी आली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म जगभर फिरला. नवीकोरी एक्सपी टाकावी, मशीन नेटला जोडावं, आणि काही मिनिटांत पडद्यावर चौकट यावी: साठ सेकंदांत संगणक बंद होईल. उलटी गिनती सुरू. पॅच उतरवायला नेट लागायचं आणि नेट जोडलं की पॅच उतरायच्या आत मशीन झोपायचं. वर्षभराने सर्व्हिस पॅक २ आला तो जवळपास २७० एमबीचा. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर त्याचा नुसता हिशेब केला तरी दहा-अकरा तास होतात, तेही लाइन एकदाही न तुटता. मग हुशार लोकांनी तो पॅक मूळ सीडीच्या फाइलींतच मिसळून नवी सीडी बांधायला सुरुवात केली. त्याला स्लिपस्ट्रीम म्हणत. डिनो नुहागिच या प्रोग्रामरने ‘एनलाइट’ नावाचं फुकट साधन लिहिलं आणि हे काम माउसच्या टिचकीवर आलं: पॅक मिसळा, साटाचे ड्रायव्हर घाला, नको ते काढा, आयएसओ (अख्ख्या सीडीची एकच फाइल) बांधा.

‘नको ते काढा’ इथे मात्र पुष्कळांचे पाय घसरले. सीडी हलकी करण्याच्या हौसेने लोकांनी एकेक सेवा उडवली, त्यात छपाई सांभाळणारा प्रिंट स्पूलरही उडवला. मग अशा सीडीवरून बसवलेल्या मशीनवर प्रिंटर का दिसत नाही म्हणून ड्रायव्हर बदलत बसायचं, केबल बदलत बसायचं. रोग सीडीतच होता.

त्या काळची एक्सपी टाकताना पडद्यावर ‘३९ मिनिटं’ असं यायचं, ते आठवणारे अजून पुष्कळ आहेत. ती ३९ मिनिटं कधीच ३९ नसायची. मध्येच एक्सपी थांबून नाव विचारायची, प्रॉडक्ट की विचारायची, वेळेचा विभाग विचारायची. समोर उत्तर द्यायला कोणी नसेल तर तिथेच खोळंबायची. वऱ्हाडात भारनियमनाची ती वर्षं. तुम्ही जेवायला गेलात, मशीन एका एंटरसाठी अडून बसलं, आणि तेवढ्यात लाइन गेली, की सगळं पहिल्यापासून. उत्तरं एका फाइलीत लिहून सीडीत ठेवली की हे थांबणं संपायचं. पुस्तिकेतलं आन्सर फाइलचं प्रकरण आजच्या विंडोजसाठी लिहिलेलं आहे. फाइलीचं नाव बदललं, तिची भाषा बदलली. कारण बदललेलं नाही.

मराठीचा किस्सा याहून बोलका आहे. एक्सपीत देवनागरीची सोय होती, पण ती आपोआप बसत नसे. कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल ऑप्शन्स उघडायचे, भाषांच्या टॅबवर जायचं, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकोनात खूण करायची. मग ती म्हणायची, सीडी घाला. सीडी दुकानदाराकडे. खूण केली नाही तर युनिकोड मराठीच्या जागी एक तर चौकोन दिसायचे, नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच अंगाला जाऊन बसायची. ‘संगणकावर मराठी नीट दिसत नाही’ हा समज गावोगाव जो पसरला, त्यातला मोठा वाटा या न केलेल्या खुणेचा आहे असं माझं मत आहे. आन्सर फाइलीत भाषागटाची एक ओळ घातली असती तर प्रत्येक मशीन जन्मतःच मराठी वाचतं झालं असतं. पण ‘एक्सपी फायनल न्यू’ बनवणाऱ्याला मराठीशी काय देणंघेणं? त्याने वॉलपेपर बदलला, काळी थीम घातली, स्वतःचं टोपणनाव कोरलं आणि सीडी सोडून दिली.

लिनक्सच्या बाजूला हे काम नेटाने झालं. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट खुल्या परवान्यावर दिले आणि पुण्याच्या त्यांच्या कचेरीतल्या लोकांनी ते पुढे सांभाळले. मुंबईच्या सी-डॅकमध्ये ‘जनभारती’ नावाचा प्रकल्प होता. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आणण्यात त्या प्रकल्पातल्या लोकांचा हात आहे. डेबियनची डिस्क घालून भाषांच्या यादीत ‘मराठी’ निवडली की पुढचे प्रश्न मराठीत येतात, हे आपल्याकडच्या दुकानदारांना सांगितलं तर अजूनही खरं वाटत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा देखणा फॉन्टही फुकट आणि खुला आहे. लेखकाने तो डिस्कमध्ये घेतला आहे, आणि मराठीचा ‘ल’ व ‘श’ मराठीसारखेच दिसतात ना, हे तपासायची रीत दिली आहे.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर तारखेत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तालुक्यातल्या कित्येक शाळांत, पतसंस्थांत, घरांत तिसऱ्या-चौथ्या पिढीची आय-थ्री मशिनं अजून ठणठणीत आहेत. श्री शिवाजी शिक्षण संस्था ज्यांनी १९३२ मध्ये उभी केली त्या पंजाबराव देशमुखांचं गाव पापळ याच तालुक्यात. शाळा इथे नव्या नाहीत; नवा आहे तो संगणकखोलीतल्या जुन्या मशिनांचा प्रश्न. ती भंगारात काढायची, आधार नसलेल्या विंडोजवर तशीच रेटायची, की त्यांच्यासाठी एक हलकी लिनक्स बांधायची? केरळने याचं उत्तर केव्हाच दिलं. तिथल्या शाळांसाठी सरकारी प्रकल्पानेच उबुंटूवर बेतलेली आपली आवृत्ती तयार केली, मल्याळम आणि शाळेची सॉफ्टवेअरं आत घालून. २०१९ च्या आवृत्तीच्या वेळी ती दोन लाखांवर संगणकांसाठी होती. आपल्याकडे तसं राज्यभर काही झालेलं नाही. तालुक्यापुरतं करायला कोणाची परवानगी लागत नाही.

शाळेच्या खोलीचं म्हटलं की कोणी तरी म्हणतं, एका मशीनवर सगळं बसवा आणि बाकीच्यांवर घोस्ट मारा. घोस्ट म्हणजे अख्ख्या हार्डडिस्कची जशीच्या तशी नक्कल. मशिनं एका जातीची असतील तर ते चालतं. पण देणगीत आलेल्या दहा मशिनांत चार मदरबोर्ड चार तऱ्हांचे असतात. एकाची नक्कल दुसऱ्यावर टाकली की एक्सपीच्या काळात निळा पडदा यायचा. इन्स्टॉलेशन डिस्क नक्कल करत नाही. ती समोरचं यंत्र पाहून तिथल्या तिथे बसते. लेखक दोन्ही रीती देतो आणि भर दुसरीवर देतो, ते योग्यच आहे.

आतल्या रचनेबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढची पानं परकी वाटणार नाहीत. उबुंटूसारख्या लिनक्सची आयएसओ उघडून पाहिली तर आत मोजक्याच मोठ्या वस्तू असतात: एक कर्नल, एक सुरुवातीची छोटी फाइलव्यवस्था, आणि एक किंवा अनेक स्क्वॉशएफएस फाइली, ज्यांत अख्खी बसवलेली सिस्टिम दाबून भरलेली असते. ‘क्युबिक’ नावाचं साधन ही दाबलेली सिस्टिम उलगडतं आणि तिच्या आत एक टर्मिनल उघडून देतं. त्या टर्मिनलमध्ये तुम्ही जे कराल ते तुमच्या मशीनवर होत नाही, न जन्मलेल्या मशीनवर होतं. इथे खेळ काढून टाका, लिबरऑफिसची मराठी बसवा, प्रिंटरचं प्लगइन ठेवा, मग ती पुन्हा दाबून बांधा. पहिल्यांदा करताना अंगावर जरा काटा येतो.

नुसत्या फाइली कॉपी करून सीडी बूट होत नाही, हे मात्र सगळे एकदा तरी अनुभवतात. सीडीच्या ठरावीक जागी बायोसला दिसेल अशी बूटची नोंद लागते. तिचं मानक फीनिक्स आणि आयबीएमने १९९५ मध्ये ठरवलं आणि त्याला नाव दिलं ‘एल टोरिटो’, जे म्हणे कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन हॉटेलचं आहे. आता सीडीचे दिवस सरले, युईएफआयची मशिनं आली, आणि भांडण दुसरंच उभं राहिलं: पेनड्राइव्ह एफएटी-३२ चा हवा आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तर विंडोजची मुख्य फाइल नेमकी त्याहून फुगलेली. ती तोडायची कशी ते पाचव्या प्रकरणात आहे.

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते विश्वासाबद्दल. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात चोर घुसले आणि डाउनलोडची लिंक बदलून त्यांनी मागचं दार ठेवलेली आयएसओ लोकांना दिली. मूळ प्रकल्पाच्या अंगणात हे घडू शकतं, तर चार हात फिरून आलेल्या पेनड्राइव्हबद्दल काय बोलावं? आयएसओ उतरवली की तिचा एसएचए-२५६ चा आकडा काढावा, चौसष्ट चिन्हांचा येतो, तो मूळ प्रकल्पाच्या सही केलेल्या यादीशी ताडावा. नुसता त्याच पानावरचा आकडा पाहून भागत नाही, कारण आयएसओ बदलणारा आकडाही बदलू शकतो. सही तपासावी लागते. दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता बांधलेल्या डिस्कवर बँकेचा पासवर्ड टाइप करणारा माणूस आपल्याच गावातला असतो, पुन्हा चौकात भेटणारा.

म्हणूनच डिस्कसोबत एक साधी मजकूर फाइल ठेवण्याचा लेखकाचा आग्रह मला फार आवडला. कोणती मूळ आयएसओ, तिचा आकडा, काय घातलं, काय काढलं, कोणत्या तारखेला, कोणी. एवढंच. ‘एक्सपी फायनल न्यू’वर हेच नव्हतं. परवान्याचंही तिथेच लिहावं: विंडोजची डिस्क ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे त्याच्या मशीनपुरती बांधावी, वाटू नये, उबुंटूत फेरफार करून वाटायची असेल तर उबुंटू हे नाव आणि चिन्ह परवानगीशिवाय वापरू नये. दुसरं नाव द्या. आपल्या तालुक्यात नावांना तोटा नाही.

एका मुद्द्यावर माझं आणि लेखकाचं जमलं नाही, ते इथे नोंदवतो. डिस्क बसली की मराठी टंकनासाठी पहिला कीबोर्ड कोणता असावा? त्याने इनस्क्रिप्ट ठेवला आहे: भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मान्य केलेली मांडणी, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच, शिकायला तर्कशुद्ध. तत्त्व म्हणून मला मान्य. पण ग्रामपंचायतीत आणि वकिलांच्या टेबलाशी बसणारी जी माणसं टाइपरायटरवर शिकली, त्यांची बोटं रेमिंग्टनवर बसलेली आहेत, आणि पंचविशीतली पोरं मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात. त्यांच्यापुढे इनस्क्रिप्ट उघडला की ती पहिल्या ओळीलाच ‘हे बिघडलं जी’ म्हणून मशीन परत आणतील. माझ्या मते कचेरीच्या डिस्कवर रेमिंग्टन पहिला असावा, शाळेच्या डिस्कवर इनस्क्रिप्ट, आणि तिन्ही मांडण्या एका कळीवर बदलता याव्यात. लेखक म्हणतो, तसं केलं तर इनस्क्रिप्ट कोणी शिकणारच नाही. वाद मिटला नाही. कीबोर्डचा क्रम ठरवणारी ओळ सातव्या प्रकरणात आहे. ज्याच्या टेबलासाठी डिस्क बांधता आहात त्याला आधी विचारून मग तिला हात लावावा.